पाडलेल्या सायन्स बिल्डिंगचा इतिहास कसा लावायचा: सांगली-साताऱ्यासाठी

आधी कॉलेज कोणत्या वर्षी कोणत्या विद्यापीठाला जोडलेलं होतं ते पाहा. आपल्याकडचं जुनं कॉलेज १९४९ पर्यंत मुंबई, मग पुणे आणि १९६२ पासून शिवाजी विद्यापीठाकडे. म्हणजे सांगलीच्या विलिंग्डनसारख्या १९१९ च्या कॉलेजची संलग्नतेची फाइल तीन गावांत विभागलेली. शिवाय १९४९ ते १९६० सांगली जिल्ह्याचं नाव 'दक्षिण सातारा' होतं. त्या काळाचे जिल्ह्याचे सरकारी कागद नुसते 'सांगली' म्हणून शोधाल तर बरेच सुटतील. माहिती अधिकारात अर्ज करताना 'सर्व माहिती द्या' असं लिहू नका. कॉलेज, विषय, वर्षं नेमकी लिहा आणि विद्यापीठाच्या तपासणी समितीचा (संलग्नता देण्याआधी कॉलेज पाहून जाणारी समिती) अहवाल मागा.

इमारतीची खरी तारीख मात्र डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) सांगतं. कोनशिला, उद्घाटन आणि पहिलं प्रॅक्टिकल यांत दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि लोक कोनशिलेचंच साल धरून बसतात. एकाच महिन्यात स्टुलं, सागवानी टेबलं, सिंक आणि बर्नर एकगठ्ठा नोंदले असतील, तर प्रयोगशाळा तेव्हा मांडली गेली असं धरा आणि प्रॅक्टिकलच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. बिलावर तारीख नसेल तर रक्कम बघा: नवे पैसे असतील तर ते १ एप्रिल १९५७ नंतरचं. आणे-पै मात्र त्यानंतरही काही काळ लिहीत, म्हणून आणे-पै दिसले की बिल १९५७ च्या आधीचंच, असं धरू नका. फूट आणि ब्रास (बांधकामातलं माप) यांवरून तर साल ठरवूच नका. ब्रास आजही चालतो.

निवृत्त लॅब अटेंडंटना 'कधी बांधली?' विचारू नका. कोरा कागद पुढे ठेवून नकाशा काढून घ्या: बॅलन्स रूम (वजनकाट्यांची खोली) कुठे, डार्क रूमचं दार कुणीकडे, गॅस प्लँट आवारात कुठे, बर्नरची पाइप कुठून आत यायची. दोघांकडून वेगवेगळा काढून घ्या आणि जिथे जुळत नाही तिथे पुन्हा विचारा.

पाडकामासाठी संस्थेचा ठराव, स्ट्रक्चरल ऑडिट आणि महापालिका-नगरपालिकेची घरपट्टी आकारणी बघा. गुगल अर्थवरची जुनी चित्रं कोणत्या दोन तारखांच्या मधे छप्पर गेलं ते दाखवतात.

२००५ आणि २०१९ च्या पुरात भिजलेली रजिस्टरं असतील तर चिकटलेली पानं ओढू नका. ओली असतील तर उन्हात न ठेवता सावलीत, पंख्याखाली, मधे टीपकागद घालून वाळवा. फोटो काढताना आधी मुखपृष्ठ घ्या, मग पानाचा क्रमांक दिसेल असं प्रत्येक पान.