अमेरिकेत मोठं घर घेताय? आधी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघा

स्प्रिंग मार्केट, म्हणजे वसंतातला घरखरेदीचा हंगाम, सुरू झालं की ओळखीतल्या दोघा-तिघांकडून तरी विक्रीला असलेल्या घराच्या जाहिरातीचे फोटो येतात, 4,500 स्क्वेअर फूट, पाच बेडरूम, तीन गाड्यांचं गॅरेज, आणि खाली प्रश्न एकच, "घर मोठं आहे, नवीन आहे, तरी बघितल्यावर काहीतरी खटकतंय, काय ते कळत नाही". ते काय असतं ते सांगायचा प्रयत्न करतोय. आम्ही न्यू जर्सीत असंच एक घर घेतलं आणि त्याच्या चुका राहायला गेल्यावर एकेक करून शिकलो, तुम्ही घ्यायच्या आधी शिका.

या घरांना इथे मॅकमॅन्शन म्हणतात, शब्द 1980 च्या दशकातला. 1973 मध्ये इथलं नवीन स्वतंत्र घर सरासरी 1,660 स्क्वेअर फुटांचं होतं, 2015 मध्ये ते 2,687 वर गेलं, आणि या काळात कुटुंबं मात्र लहान झाली. पण नुसत्या आकाराला दोष देऊ नका, आपले वाडे काय लहान होते का? खटकतं ते दुसरंच. घराचा एखादा भाग जे काम करतोय असं दाखवतो ते काम तो करतच नसतो. त्यामुळे घर बघताना प्रत्येक गोष्टीला मनातल्या मनात एकच प्रश्न विचारा, तू इथे काय काम करतोस?

सुरुवात खांबांपासून करा कारण तिथे लगेच कळतं. पुण्यात विश्रामबागवाड्यातले सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आठवा, खाली दगडी तळखडा, वर तुळई, वजन वरून खाली कसं येतंय ते लहान मुलालाही दिसतं. युरोपातल्या जुन्या पद्धतीतही खांबाची उंची त्याच्या जाडीच्या साधारण 8 ते 10 पट ठेवायचे, म्हणून तो भार पेलणारा वाटतो. आता सबडिव्हिजनमधला, म्हणजे बिल्डरने एकत्र बांधलेल्या वसाहतीतल्या घराचा, दुमजली पोर्च बघा, 18 फूट उंच आणि 10 इंच जाड खांब, म्हणजे 21 पटीच्या वर, उदबत्त्या उभ्या केल्यासारखे. बऱ्याचदा आत साधा बारीक डांब असतो आणि बाहेरून पोकळ फायबरग्लासचं आवरण, जाऊन बोटाने टकटक करा, आवाज सांगतो. अजून एक बघायचं, खांबावरच्या तुळईची कड खांबाच्या मानेच्या सरळ रेषेत आली पाहिजे, ती आत सरकलेली असेल तर तुम्हाला कारण माहीत नसलं तरी डोळ्याला खुपतंच.

मग खिडक्या. शटर म्हणजे मुळात वादळात, उन्हात बंद करायची झडप, खिडकी 36 इंच रुंद असेल तर दोन्ही बाजूची झडप 18-18 इंच हवी, मिटल्यावर खिडकी झाकली गेली पाहिजे. इथे सहा फुटी तिहेरी खिडकीला बाजूने बारा-बारा इंचांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या स्क्रूने भिंतीवर ठोकलेल्या असतात. शिवाय समोर किती प्रकारच्या खिडक्या आहेत ते मोजा, एक अर्धगोल, एक अष्टकोनी, दोन चौकोनी, सगळ्यांची वरची कड वेगवेगळ्या उंचीवर, असं असेल तर नजर कुठे थांबवायची तेच कळत नाही.

आता कोपऱ्यावर जा. एजंट हे करायला सांगत नाही. समोरून वीट किंवा दगड आणि कोपरा वळला की लगेच व्हिनाइल साइडिंग, म्हणजे भिंतीवर लावलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, वीट कागदासारखी चिकटवल्याचं तिथे उघड होतं. पैसे कमी असतील तर चारही बाजूंना साधं साइडिंग असलेलं घर घ्या, ते जास्त चांगलं दिसतं. मटेरियल बदलायचंच असेल तर ते आतल्या कोपऱ्यात किंवा पायाच्या वर बदललेलं शोभतं.

छपराबद्दल जरा जास्त सांगतो कारण इथे दिसणं आणि पैसे दोन्ही एकत्र येतात. समोरून किती त्रिकोण दिसतात ते मोजा. आमच्या घराला समोरच सात होते, त्यातल्या तीनांच्या मागे खोलीच नव्हती, नुसता रिकामा माळा. दोन उतार मिळतात त्या खोबणीला व्हॅली म्हणतात, दोन्ही बाजूंचं पाणी तिथेच गोळा होतं, आणि थंडीत माळ्यातल्या गरम हवेने बर्फ वितळून पन्हाळीपाशी परत गोठला की मागे तुंबलेलं पाणी शिंगल्सच्या, म्हणजे छपरावरच्या पातळ फरशांच्या, खालून आत शिरतं. दुसऱ्याच हिवाळ्यात मुलीच्या खोलीचं सीलिंग ओलं झालं, आणि छप्परवाल्याने ज्या व्हॅलीकडे बोट दाखवलं ती अशाच एका खोट्या त्रिकोणामुळे झालेली होती. शोभेसाठी बांधलेल्या वस्तूने पोरीच्या डोक्यावर पाणी आणलं याचा मला अजून राग येतो.

गॅरेज घराच्या पुढे आलेलं असेल तर घराऐवजी दारंच दिसतात. ओरेगनमधल्या पोर्टलंडने 1999 मध्ये अशा गॅरेजवर नियम आणले. गॅरेज बाजूने उघडणारं किंवा निदान चार-पाच फूट मागे असलेलं बघा.

आत गेल्यावर दुमजली फॉयर, म्हणजे प्रवेशाचं दालन, आणि झुंबर बघून भुलायला होतं, मीही भुललो. पण तिथे कोणी बसत नाही, गरम हवा वर जाऊन बसते आणि वरच्या बेडरूममध्ये खालच्या मिक्सरचा आवाज घुमतो. तेवढ्याच जागेत खाली एक बेडरूम आणि पूर्ण बाथरूम असेल तर आई-बाबा सहा महिने आले की त्यांना जिने चढावे लागत नाहीत, आपल्या घरांना याची खरी गरज आहे आणि बिल्डरकडे प्लॅन ठरवताना ती मागता येते. एलिव्हेशनचे, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचे, पर्याय दाखवतात तेव्हा सर्वात साधा घ्या, एक मुख्य छप्पर, एकाच जातीच्या खिडक्या, आणि वाचलेले पैसे खऱ्या लाकडी दाराला लावा.

आणि घर आधीच घेतलेलं असेल तर? आम्ही शटर काढले, भोकं बुजवली, घर लगेच शांत दिसायला लागलं. खांब जाड करून घेता येतात, आवरण बदलायचं असतं फक्त. एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, परवानगी लागते, फॉर्मसोबत फोटो जोडा. उघड्या कोपऱ्यापाशी रेड ओक लावा, न्यू जर्सीचं राज्यवृक्ष आहे, मस्त वाढतं, फक्त भिंतीपासून निदान 20 फूट लांब लावा कारण फांद्या खूप पसरतात.