अर्ज पोहोचत होता, मजकूर पोहोचत नव्हता

नोकरीसाठी केलेल्या ऑनलाइन अर्जांना उत्तरच येत नसेल, तर आपण पात्रतेत कमी पडलो असे गृहीत धरण्यापूर्वी जोडलेली फाईल एकदा तपासून पाहावी. अनेक ठिकाणी अर्ज माणसाच्या नजरेस पडण्याआधी एक संगणकप्रणाली रेझ्युमेमधील मजकूर काढून घेते आणि तो नाव, शिक्षण, अनुभव अशा रकान्यांत भरते. माझा दोन स्तंभांचा रेझ्युमे दिसायला देखणा होता. मात्र त्यातील सगळा मजकूर निवडून मी नोटपॅडमध्ये चिकटवला, तेव्हा डावीकडची कौशल्ये उजवीकडच्या नोकरीच्या तपशिलात घुसलेली दिसली आणि एका हुद्द्याच्या मधोमध 'एक्सेल' हा शब्द येऊन बसला होता.

मग मी एकच स्तंभ ठेवला, तक्ते व चिन्हे काढून टाकली, आणि फोन क्रमांक व ईमेल हेडरमधून, म्हणजे पानाच्या वरच्या समासातल्या पट्टीतून, मुख्य मजकुरात आणले, कारण काही प्रणाली हेडर वाचतच नाहीत. पीडीएफ थेट वर्डमधून तयार केली. छापून स्कॅन केलेली प्रत हे सहसा निव्वळ चित्र असते. तिच्यातील अक्षरे निवडता येत नाहीत.

फाईलला 'फायनल नवीन २' ऐवजी स्वतःचे नाव दिले. सोबतच्या पत्रात आधी अर्ज केलेल्या कंपनीचे नाव तसेच राहणे मला शुद्धलेखनाच्या चुकांपेक्षाही घातक वाटते, म्हणून ते शेवटी मोठ्याने वाचतो. फाईल चढवल्यावर आपोआप भरलेले रकाने, विशेषतः नोकरीच्या तारखा, तपासूनच 'सबमिट' दाबतो.