शिंगाला बेगड कशी लावायची

पोळ्याचं सामान घ्यायला आदल्या दिवशी आर्वीच्या बाजारात जाऊ नका. भाव चढलेला असतोच, पण खरी अडचण रंगाची. श्रावण अमावास्येच्या ओल्या हवेत ऑइल पेंट सुकता सुकत नाही. म्हणून मी खांदशेकणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात त्याच्या, एक दिवस आधीच शिंगं उरकतो. मग खांदशेकणीला फक्त गरम पाणी, तूप-हळद, पळसाची पानं, अन् बैलाच्या कानात "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आमची जोडी गवळाऊ जातीची. अंग पांढरं, शिंगं आखूड. पांढऱ्यावर लाल रंग खुलतो, पण आखूड शिंगावर रुंद पट्टी बसत नाही.

आधी शिंग घासा. आबाजी काचेच्या तुकड्यानं खरडायचे. मी पॉलिश पेपर घेतो आणि बुडाकडची दोन बोटं सोडून देतो. वरचं कवच आपल्या नखासारखं, पण आत जिवंत हाड असतं. बैलानं मान झटकली की थांबायचं.

पूर्वी हिंगूळ लावत. दिसायला राजबिंडा, पण हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक, त्याच्या वाटेला जाऊ नका. पेंटच्या डब्यावर शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखात नव्वद भाग) आत असल्याचं लिहिलेलं पाहा. हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून आहे. बाटलीत भरून मिळणारा सुटा रंग स्वस्त पडतो, पण त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता बेगड. सगळी कला वेळ ओळखण्यात आहे. रंग ओला असेल तर बेगड घसरते, खडखडीत वाळला तर चिकटत नाही. बोट टेकवलं की चिकटतं, पण बोटाला रंग लागत नाही, ती वेळ धरा. अर्ध्या बोटाच्या पट्ट्या कापून बुडाकडून तिरप्या गुंडाळत वर न्या, मधे मधे लाल दिसू द्या. आडवी सरळ गुंडाळली तर शिंग निमुळतं होतं तिथं सुरकुत्या पडतात. शेवट गोंड्याच्या दोऱ्याखाली दाबून टाका.

एका वर्षी मी हौसेनं बैलाच्या पाठीवर सुटी चमकी उधळली होती. बैल अंग चाटतोच. दुसऱ्या दिवशी शेणात चमकी, अन् एकाच्या डोळ्याला धार लागलेली. ती चमकी म्हणजे अॅल्युमिनियमचा थर दिलेल्या प्लास्टिकचा चुरा. युरोपीय संघात ऑक्टोबर २०२३ पासून असली सुटी प्लास्टिक चमकी विकायला बंदी असल्याचं पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं, तेव्हा मी गुमान ऐकून घेतलं.

चमक पाहिजेच तर झुलीला आरसे टाका. पोळ्याला बैल उभे करतात त्या तोरणाखाली उतरतं ऊन पडलं की एवढासा आरसाही लांबून डोळे दिपवतो. मठाटीत, म्हणजे बैलाच्या कपाळावरच्या साजात, गळून पडलेलं मोरपीस खोवा. त्याचा निळा-हिरवा रंग लावलेला नाही, पिसाच्या बारीक घडणीतून तो दिसतो. म्हणून पावसात भिजलं तरी तो उतरत नाही. आमचं एक पीस तीन पोळे पाहून बसलंय.

झडत्या, म्हणजे तोरणापाशी म्हणायची पोळ्याची गाणी, झाल्या, तोरण तुटलं, घरी ओवाळणं झालं, की त्याच रात्री बेगड काढा. नाहीतर बैल गव्हाणीला शिंगं घासतो आणि तुकडे वैरणीत जातात.

उरलेली चमकी पोरीच्या लाकडी बैलाला. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याला, ती त्याला चाकांवर ओढत घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरते, अन् त्याला जीभ नाही.