नव्या तरणतलावाची गळती: आधी बादली, मग फोडाफोड

तलाव गळतोय की पाणी नुसतं वाफ होऊन उडतंय, हे बादलीने तपासता येतं. मुंबईत पावसाळ्यात ही चाचणी फसते. कोरडे दिवस गाठा. पाणी आपोआप भरणारा व्हॉल्व्ह बंद करा. तलावाच्या पायरीवर बादली ठेवून तिच्यात बाहेरच्या पातळीइतकंच पाणी भरा, दोन्हीकडे खूण करा. 24 तास पंप चालू, 24 तास बंद. बाहेरची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर गळती नक्की. पंप चालू असताना जास्त उतरली तर परतीच्या पाइपावर (पंपाकडून तलावात पाणी आणणाऱ्या) संशय. दोन्ही वेळा सारखीच? मग तलावाच्या भिंती-तळ किंवा फिटिंग. पातळी दिव्यापाशी थांबली तर त्याची वायरनळी तपासा, पण आधी वीज तोडा! पंप बंद करून, पाणी संथ झाल्यावर सिरिंजने खाण्याचा रंग स्किमरच्या (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) सांध्याशी हळूच सोडा. भेगेत तो दोऱ्यासारखा ओढला जातो. गच्चीवरच्या तलावाखाली छताला ओल दिसते तिथेच गळती असेलच असं नाही. पाणी स्लॅबवरून सरकतं.