खाडीत दोरीवर शिणाणे कसे वाढवावेत

सिंधुदुर्गातल्या खाडीत आमचा जुवा, म्हणजे छोटं बेट, आहे. जमीन मूठभर, पाणी चहूकडे. म्हणून बचत गटातल्या आम्ही आठजणींनी शिणाण्यांची, म्हणजे खायच्या हिरव्या शिंपल्यांची, शेती धरली.

आधी जागा बघा. अमावास्येच्या पूर्ण ओहोटीला बांबू घालून खोली मोजा. पहिल्या वर्षी आम्ही भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाणी कमी ओसरतं तेव्हा, मोजली. पुढे उधाणाच्या ओहोटीत पाणी जास्त ओसरलं, टांगलेल्या दोऱ्यांची टोकं चिखलाला टेकली आणि खालचे शिणाणे गुदमरून मेले. आजही आठवलं की जीव चुटपुटतो.

पावसाळा सरून पाणी पुन्हा खारं झालं की खडपावरून अंगठ्याच्या नखाएवढं, दोन-अडीच सेंटिमीटरचं बी, म्हणजे शिणाण्यांची पिल्लं, काढा. जाड नायलॉन दोरीभोवती मीटरला किलो-सव्वा किलो पसरा, वरून सुती मच्छरदाणीचं कापड गुंडाळून शिवा. सुतीच हवं! दोन-तीन आठवड्यांत ते कुजतं, तोवर शिणाणे आपल्या तंतूंनी दोरीला घट्ट धरतात. खाद्य घालायचं नाही. पाण्यातलं प्लवंग, म्हणजे तरंगणारे बारीक जीव, ते गाळून खातात.

मे संपायच्या आत काढणी आटपा, पावसाचं गोडं पाणी आलं की पीक हातचं जातं. काढलेले शिणाणे रात्रभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवा, पोटातली रेती निघते.