वसतिगृहात राहायला जाण्याआधी: नळ, रॉड, कुलूप आणि एक कोरी वही

सांगलीला विश्रामबागेतल्या एका वसतिगृहात मी ११ वर्षं रेक्टर होतो. जत, आटपाडी, विटा, कवठेमहांकाळकडून पोरं यायची. ट्रंक, गादीची वळकटी, लाडवांचा डबा. सामानाची यादी प्रत्येक घरात चोख केलेली असायची. खोली ताब्यात कशी घ्यायची आणि वर्षभर सांभाळायची कशी, हे मात्र कुणीच ठरवून यायचं नाही. मग वर्षाअखेरीला अनामत कापली गेली की न्यायला आलेल्या वडिलांचा चेहरा उतरायचा. ते हजार-पाचशे रुपये त्या घरात कसे जमवलेले असतात हे मला माहीत होतं, म्हणून नव्याने येणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय.

गादी अंथरायच्या आधी, खोली रिकामी असतानाच फोटो काढा. चारही भिंती, खाटेच्या पट्ट्या, कपाटाची आतली बाजू आणि बिजागऱ्या, खिडकीच्या काचा, आरसा, पंखा, बेसिन, स्विचचा बोर्ड. फोटो घरच्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, म्हणजे तारखेसकट राहतात. काच तडकलेली असेल, कपाटाची कडी निघाली असेल तर साध्या कागदावर लिहा, दोन प्रती करा, एकीवर रेक्टरांची सही घ्या. ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं तर तेच त्यांना संध्याकाळी मेसेजवर कळवा. अनामतीची पावती दाखल्यांच्या फाइलमध्ये ठेवा. आणि पहिल्याच दिवशी विचारा: कुणी मोडलं हे कळलं नाही तर भरपाई कुणाकडून घेता? बऱ्याच ठिकाणी ती अख्ख्या मजल्यावर वाटली जाते. मीही वाटली आहे, आणि मला ते कधी पटलं नाही. ज्या पोरानं वर्षभर दार हळू लावलं त्यालाही पैसे भरावे लागायचे.

कुलूप घरून आणा, साधं पण दणकट. एक किल्ली तुमच्याकडे, एक खोलीतल्या जोडीदाराकडे, तिसरी बंद पाकिटात नाव घालून ऑफिसात. किल्ली हरवली की पोरं रात्री अकराला कोयंडा उचकटतात, आणि मग दाराची चौकटसुद्धा फुटते.

आता नळ. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या काळात सगळ्यात मोठं नुकसान आगीनं केलं नाही, पाण्यानं केलं. एका मार्चमध्ये टाकी धुवायची म्हणून दुपारी पाणी बंद होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एकानं नळ फिरवला, थेंब आला नाही, तो तसाच सोडून तासगावला घरी गेला. बेसिनच्या जाळीवर टॉवेल पडलेला. रात्री दोनला पाणी आलं. खालच्या खोलीत शेवटच्या वर्षाचा मुलगा होता, त्याच्या ड्रॉइंगच्या शीट्स आणि तीन जर्नलं टेबलावर होती. सबमिशनला चार दिवस. पहाटे तो ओल्या शीट्स व्हरांड्यात एकेक करून पसरत होता, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून मी पोरांना एकच सवय लावायला बघायचो: गेलेलं परत येतं. पाणी गेलं की आधी नळ बंद. लाईट गेली की आधी बटण बंद. आल्यावर बघू म्हणालात की ते येतं तेव्हा तुम्ही मेसमध्ये जेवत असता.

पाणी तापवायच्या रॉडचं हेच होतं. डिसेंबरात पहाटे थंडी असते, गरम पाण्याची रांग लांब असते, मग कुणीतरी गुपचूप रॉड आणतो. लाईट जाते, तो रॉड बादलीतून काढून खाटेवर ठेवतो, बटण चालूच. लाईट येते आणि गादी धुमसायला लागते. साधा रॉड १५०० वॅटचा असतो. २३० व्होल्टला तो साडेसहा अँपिअर ओढतो आणि खोलीतल्या लहान पिनांच्या सॉकेटची क्षमता असते ६ अँपिअर. त्यातून रॉड एक्स्टेन्शन बोर्डवर आणि त्याच बोर्डवर दोन मोबाईल नि लॅपटॉप असले तर आतली वायर तापते, प्लास्टिक मऊ होतं, वास येतो. इंडक्शन शेगडी २००० वॅटची, ती तर नऊच्या जवळ जाते. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघणारी पोरं मी पाहिली आहेत. हे जिवावरचं आहे. तेव्हा रॉड घरीच ठेवा आणि पहिल्या आठवड्यातच गरम पाण्याची वेळ विचारून घ्या. ती पुरत नसेल तर सगळ्यांनी मिळून अर्ज द्या. मला असा अर्ज आला तेव्हा मी संस्थेकडे भांडून सोलरची दुसरी टाकी बसवून घेतली होती. बोर्डातून जळका वास आला तर खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, पाडा आणि खाली कळवा. पेट घेतलाच तर पाणी ओतू नका. व्हरांड्यातलं अग्निशामक नळकांडं कुठे टांगलंय, त्यावर कुठली तारीख आहे, हे आधीच बघितलेलं असावं.

डासांची कॉइल खाटेखाली लावू नका, वर चादर लोंबत असते. मेणबत्तीऐवजी चार्जिंगची बॅटरी आणा. वाढदिवसाचा केक अंगणात कापा. भिंतीला लागलेली क्रीम निघते, तिचा तेलकट डाग रंग काढल्याशिवाय निघत नाही.

दिवाळीला घरी जाताना पाच मिनिटं राखून ठेवा. नळ, पंखा, चार्जर, खिडकीची कडी, ओला टॉवेल, उरलेला डबा. एकानं हात लावून बघायचं, दुसऱ्यानं दारात उभं राहून मोठ्यानं विचारायचं. आमच्याकडे दोन पोरींच्या वडिलांनी ही पद्धत मला सांगितली होती, ते एसटीत चालक होते.

वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून कुणी गावभागात किंवा शामरावनगरात तळमजल्यावर खोली घेतली असेल तर पावसाळ्याची तयारी वेगळी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की दाखले, लॅपटॉप, पुस्तकं वरच्या मजल्यावर मालकांकडे ठेवा, मेन स्विच बंद करा आणि पाणी दारात यायची वाट बघत बसू नका.

एक कोरी वही जवळ ठेवा. काय बिघडलं, कधी सांगितलं, कुणाला सांगितलं, दुरुस्त कधी झालं. आणि तुमच्या हातून काही मोडलं तर त्याच संध्याकाळी सांगा. काच मोडल्याचं लपवलेलं पोरगं महिनाभर मान खाली घालून जिन्यानं जातं, हे मी बघितलंय. काचेला तेवढी किंमत नसते. तासगावचा तो मुलगा सोमवारी परत आला, मी बोलवायच्या आधी माझ्या दारात उभा राहिला. नंतर खाली गेला आणि तीन रात्री बसून ती भिजलेली जर्नलं खालच्या मुलाला उतरवून दिली. सबमिशन वेळेत झालं. त्याची अनामत मी कापली, पावतीही दिली, आणि त्याच्या वडिलांना फोन करून पोरगं स्वतःहून सांगायला आलं होतं हेही कळवलं.

शेवटचं काम: कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. त्यावर वॉचमनचा नंबर, रेक्टरांचा नंबर, ११२, अग्निशमनाचा १०१, आणि मजल्याचा पाण्याचा व्हॉल्व कुठे आहे ते. व्हॉल्व एकदा स्वतःच्या हातानं फिरवून बघा. आमचा गंजलेला होता, त्या रात्री आम्हाला तो बंद करायला पाऊण तास लागला.