दिवाळीत भाजू नये म्हणून, आणि भाजलेच तर

बरीच वर्षे मी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सिस्टर होते. दिवाळीत तिथे फटाक्यांनी भाजलेलीच माणसे येत असतील असे लोकांना वाटते. ती येतातच. पण त्याआधी आठवडाभर तळणाच्या तेलाने भाजलेल्या बायका यायला लागतात, आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे खाली अपघात विभागात न्हाणीघरातून बेशुद्ध उचलून आणलेली माणसे असतात. म्हणून सुरुवात फराळापासून करते.

एरवी ओट्यावर असणारी शेगडी फराळाच्या दिवशी खाली येते, कारण चौघी-पाचजणींना बसून करंज्या करायच्या असतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो, आणि आता ज्योतही तिथेच असते. त्यात रांगत्या बाळाच्या हाताला कढईचा कान लागतो. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. लाटणे, भरणे, कातणे खुशाल खाली बसून करा, तळण मात्र ओट्यावर. तळणारीला त्या वेळी दुसरे कोणतेही काम सांगू नका. बेल वाजली तर दुसऱ्याने उठावे, फोन दुसऱ्याने घ्यावा. कढई अर्ध्याहून जास्त भरू नये. करंजी फुटली की सारण तेलात उतरून करपते, तेल काळे पडून धुरायला लागते. तसेच पुढे रेटू नका. गॅस बंद करा, तेल निवू द्या, गाळून घ्या, मग पुढचा घाणा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात नको. पाणी तेलाच्या खाली जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि ती जळते तेल छतापर्यंत उडवते. बटण बंद करा आणि परात किंवा मोठे ताट आपल्या बाजूने पलीकडे सरकवत कढईवर झाका. पूर्ण निवेपर्यंत ते उचलून बघू नका. पेटती कढई उचलून मोरीकडे धावू नका. माझ्या पाहण्यातल्या सर्वांत वाईट जखमा अशी कढई घेऊन धावलेल्यांच्या होत्या, कारण धावताना तेल हातावर, पोटावर आणि पायांवर सांडत जाते.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, दिव्याचे बटण लावू नका आणि बंदही करू नका, बाहेर पडून 1906 वर फोन करा. शेगडीची नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तळणाच्या आदल्या दिवशी तिच्यावरची तारीख एकदा वाचा.

आता पहिली आंघोळ. याबद्दल फार कमी बोलले जाते, म्हणून मी जरा जास्त सांगणार आहे. पहाटेचा गारवा असतो म्हणून खिडकी लावलेली, झरोक्यात फडके कोंबलेले. गॅस गिझर आतच. सूर्योदयाच्या आत सगळ्यांची न्हाणी उरकायची म्हणून एक बाहेर आला की दुसरा आत, गिझर बंदच होत नाही. कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात आणि कडी काढायच्या आत माणूस खाली बसतो. जसजशी आंघोळ पुढे सरकते, तसतसा तो वायू साठत जातो.

खरा उपाय एकच, गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवणे. या दिवाळीपर्यंत ते होणार नसेल तर बादल्या आधी भरून घ्या, गिझर बंद करा, खिडकी उघडा आणि मगच आत जा. एकाची आंघोळ झाली की दार थोडा वेळ सताड उघडे ठेवा. आतून कडी लावू नका. हाकेला ओ आली नाही तर वाट बघत बसू नका, दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन लावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचेच, त्याला ऑक्सिजन लागतो.

त्याच न्हाणीघरात तेल-उटण्याने फरशी बुळबुळीत झालेली असते. आजी-आजोबांना पाटावर बसवू नका, रुंद पायांची खुर्ची द्या आणि एकाची आंघोळ झाली की दुसऱ्याच्या आधी फरशीवर गरम पाणी आणि साबण फिरवा. या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो.

विजेच्या माळांचे थोडक्यात सांगते. उघड्या तारा सॉकेटमध्ये खोचून वर आगपेटीच्या काड्या ठोकणे, हे अजूनही घरोघरी चालते. पन्नास रुपयांची पिन बसवून घ्या. लोखंडी ग्रिलला गुंडाळलेली माळ घासून सोलते आणि परतीचा पाऊस आला की सगळ्या ग्रिलमध्ये करंट उतरू शकतो, म्हणून माळ दोरीला बांधा. बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) असेल तर तिचे टेस्ट बटण दिवाळीआधी दाबून बघा. पणत्या उंबऱ्याच्या मधोमध ठेवू नका, ये-जा करताना पदर आणि ओढणी नेमकी तिथूनच जाते.

फटाक्यांत लोक सुतळी बॉम्बला घाबरतात आणि फुलबाजी तीन वर्षांच्या पोराच्या हातात देतात. जळती फुलबाजी हजार अंशांच्याही वर तापते. विझल्यावर तिची तार काळी दिसते, पण चटका तसाच असतो आणि अनवाणी पाय त्यावर पडतो. प्रत्येक विझलेली तार पाण्याच्या बादलीत गेली पाहिजे. भुईनळा हातात धरून उडवायचा नाही, आणि पेटवताना त्यावर वाकायचे नाही. लांब उदबत्तीने, हात लांब करून, तोंड बाजूला ठेवून पेटवा. लागला नाही तर परत बघायला जाऊ नका. अर्धा तास थांबून लांबून बादलीभर पाणी ओता. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या हरित फटाक्यांचा धूर कमी असतो, पण त्यांनी भाजते तेवढेच.

मुलांना नवा झब्बा सुती घ्या. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. कपड्यांनी पेट घेतलाच तर मूल घाबरून पळते आणि वाऱ्याने आग वाढते. त्याला आडवे पाडा, जमिनीवर लोळवा, घोंगडी किंवा सुती गोधडी गुंडाळा. हे त्याला आधीच खेळासारखे एकदा करून दाखवा.

भाजल्यावर काय करायचे, एवढे तरी पाठ करा. भाजलेला भाग वाहत्या नळाखाली पूर्ण वीस मिनिटे, घड्याळ लावून. बर्फ नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. चिकटलेले कापड ओढू नका, भोवतीने कापा. लहान मुलाला बाकीच्या अंगावर पांघरूण द्या, नाहीतर ते गारठते. मग धुतलेले मऊ सुती धोतर किंवा जुन्या साडीचा स्वच्छ तुकडा सैल झाका.

टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, कॉफी यातले काहीही लावू नका. टूथपेस्ट फासलेला हात आमच्याकडे आला की तो आधी स्वच्छ करावा लागे, कारण त्याखाली जखम किती खोल आहे हेच दिसत नसे. वाळून खडू झालेली पेस्ट भिजवून काढताना फोडांची कातडी तिच्यासोबत सोलून यायची. घरच्यांनी ती मायेने लावलेली असायची, आणि पोर मात्र त्या काढण्यातच सर्वांत जास्त रडायचे. पहिल्या तीन तासांत कधीही पाणी सुरू केले तरी उपयोग होतो, म्हणून उशीर झाला असे समजून नळ टाळू नका.

रुग्णाच्या स्वतःच्या बोटांसकट तळव्यापेक्षा मोठी जखम, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांगावर भाजणे, विजेचा चटका, आवाज घोगरा होणे, यातले काही असेल तर थेट रुग्णालय. फोड फोडू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. डोळ्यात ठिणगी किंवा फटाक्याचा तुकडा गेला असेल तर चोळू नका, दाबून पट्टी बांधू नका. कागदी कपाचा तळ डोळ्यावर अलगद झाकून चिकटपट्टी लावा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

राहिली दुसऱ्या दिवसाची सकाळ. मुले अंगणातून न फुटलेले लवंगी आणि बॉम्ब गोळा करतात, दारू कागदावर काढून पेटवतात आणि भडका थेट तोंडावर येतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीही अशी मुले आमच्याकडे येत. रात्री झोपण्याआधी मोठ्या माणसाने बॅटरी घेऊन अंगण झाडावे, सगळा कचरा बादलीत बुडवून रात्रभर ठेवावा आणि भिजलेलाच सफाई कामगाराच्या हाती द्यावा.